नोकरी शोधणाऱ्याचं मन : क्रूगरनी न्यू जर्सीत काय मोजलं, आणि घरच्यांनी काय करावं?

मीठभाकर (धागाकर्ती)

घरात कुणी नोकरी शोधत असलं की पहिले काही आठवडे सगळे धीर देतात. मग एक वाक्य सुरू होतं आणि ते काही थांबत नाही : "हा मनापासून शोधतच नाही." आमच्याकडे सध्या ते एका भाच्याच्या वाट्याला आलंय. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे हे कुणी तपासून पाहिलंय का, असा प्रश्न सवयीनेच पडला. पाहिलंय.

अॅलन क्रूगर (१९६०–२०१९) हे प्रिन्स्टनचे श्रम-अर्थशास्त्रज्ञ. ओबामांच्या काळात २०११ ते २०१३ आर्थिक सल्लागार परिषदेचे अध्यक्षही होते. त्यांचं नाव निघतं ते बहुधा डेव्हिड कार्ड यांच्याबरोबरच्या किमान वेतनाच्या अभ्यासामुळे. मी मात्र अडकले दुसऱ्याच कामात. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि इतरांबरोबर त्यांनी एक पद्धत बसवली होती. "तुम्ही सुखी आहात का" असं मोघम विचारायचं नाही. कालचा दिवस प्रसंगाप्रसंगांत तोडायला लावायचा : तेव्हा काय करत होतात, सोबत कोण होतं, कसं वाटत होतं. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांवरचा हा अभ्यास २००४ साली छापून आला. यादीत तळाला काय, तर सकाळी कामावर जातानाचा प्रवास. (लोकलवाल्यांनी हसू नये.)

मग आली मंदी. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली बेकारी १० टक्क्यांवर पोचली. क्रूगर आणि आंद्रेआस म्यूलर यांनी न्यू जर्सीत बेकारभत्ता घेणाऱ्या ६,०२५ जणांना दर आठवड्याला प्रश्न विचारले, जास्तीत जास्त २४ आठवडे. शोधण्यात किती वेळ गेला, मन कसं होतं, कमीत कमी किती पगाराला हो म्हणाल. निघालं असं की जसजसे आठवडे जातात तसतसा तोच माणूस शोधायला कमी वेळ देऊ लागतो, आणि ही घट चांगली ठसठशीत आहे. म्हणजे घरच्यांचं निरीक्षण खोटं नाही! पण त्याच उत्तरांत हेही दिसतं की बेकारी लांबेल तशी उदासी वाढते, आणि ती सगळ्यात जास्त जाणवते ती नोकरी शोधत असतानाच्या वेळात.

तर माझा प्रश्न. शोध कमी होतो म्हणून नोकरी मिळत नाही, की नोकरी मिळत नाही म्हणून शोध कमी होतो? आणि घरच्यांनी रोज "काय झालं?" विचारावं की नाही? अनुभव असलेल्यांनी लिहा.

कोपऱ्यातला_वाचक

रुमाल टाकून ठेवतो. हापिसातून निघालो की लिहितो.

तिरफळ

आमच्या गोव्यात नोकरी शोधत नाहीत हो. ओळखीचा आमदार शोधतात. तो सापडला की नोकरी आपोआप सापडते. यावर क्रूगर काय म्हणतात?

एडिसनकर

मीठभाकर, तुम्ही अगदी आमच्या गल्लीतला विषय काढलात. २००९ मध्ये मी न्यू जर्सीतच होतो आणि बेकार होतो. त्या ६,०२५ मध्ये नव्हतो, पण तो भत्ता घेत होतो. एरवी २६ आठवडे मिळायचा, त्या मंदीत वाढवत वाढवत ९९ आठवड्यांपर्यंत नेला होता. दर आठवड्याला ऑनलाइन जाऊन सांगावं लागायचं की मी काम करायला तयार आहे आणि काम शोधतोय. "हो"वर टिचकी मारायची. ती मारताना जी लाज वाटायची ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

शोधणं उदास करतं म्हणजे काय, ते लिहितो. लोकांना वाटतं नकार आला की वाईट वाटतं. नकार परवडला, कुणीतरी वाचलं तरी असं वाटायचं. अर्ज गेला की गेला. विहिरीत खडा टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. सुरुवातीला मी प्रत्येक जागेसाठी बायोडेटा वेगळा करायचो, पत्र वेगळं लिहायचो. पुढे पुढे तीच फाइल सगळीकडे. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही "अर्ज केला" असंच दिसतं.

दुसरं म्हणजे मंडळाचा गणपती. दोनशे ओळखीची माणसं आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "सध्या कुठे?" त्या वर्षी आम्ही आरतीच्या वेळेला पोचायचो आणि प्रसाद घेऊन लगेच सटकायचो. बायकोला वाटायचं मी माणूसघाणा झालो. मी मुळात माणसांत रमणारा. नोकरी लागल्यावर पुन्हा पहिल्यासारखा, मखराच्या कामाला पुढे.

गणितमास्तर

पॉपकॉर्न घेऊन बसलेल्यांनी जरा थांबावं, मला मिठाचा खडा टाकू द्या.

क्रूगर-म्यूलर यांनी निमंत्रणं पाठवली होती ६३,८१३ जणांना, आले ६,०२५. म्हणजे शेकडा दहासुद्धा नाहीत. उरलेले नव्वद कोण? कदाचित शोधण्यात इतके गुंतलेले की प्रश्नावलीला वेळ नाही. कदाचित इतके खचलेले की संगणकच उघडत नाहीत. दोन्ही बाजूंनी आकडा हलू शकतो. शिवाय दर आठवड्याला तेच प्रश्न भरून माणूस कंटाळतो. सातव्या आठवड्यात "किती वेळ शोधलं" याचं उत्तर आठवून लिहितो की उरकून टाकतो, ते कसं कळणार?

आणखी एक. जेसन फेबरमन आणि मरियाना कुडल्याक यांनी २०१९ मध्ये एका नोकरीच्या संकेतस्थळावरच्या प्रत्यक्ष अर्जांची मोजदाद छापली. तिथे कुणाला विचारायचंच नव्हतं, टिचक्या मोजायच्या. एकाच माणसाचे अर्ज काळागणिक कमी होतात, हे तिथेही दिसलं. पण ज्यांचा शोध शेवटी लांबला ते पहिल्यापासूनच इतरांपेक्षा जास्त अर्ज करत होते! म्हणजे "जास्त काळ बेकार तो आळशी" हे गणित सरळ उलटं पडतं. जास्त धडपड तेच करत होते, कारण त्यांना मिळायला मुळातच अवघड होतं.

मीठभाकर

@गणितमास्तर, दंडवत. प्रतिसादाच्या प्रमाणावर टीका झालीच होती, आणि लेखकांनीही बेकारभत्त्याच्या सरकारी नोंदींशी ताडून भार देऊन (कमी आलेल्या गटांना जास्त वजन देऊन) आकडे तपासले होते. पण तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने माझी मोठी सोय केली. तो छापून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकते.

निवृत्त_भाऊसाहेब

आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत उभं राहून कार्ड काढावं लागे. कॉल यायला वर्ष वर्ष लागायचं. तेवढ्यात आम्ही मिळेल ते केलं, कुणी पतपेढीत, कुणी दुकानात हिशेब लिहायला. उदास व्हायला सवड कुणाला होती? आत्ताच्या मुलांचं पहिलं वाक्य, "एवढ्याखाली जाणार नाही." भाव खातात आणि मग मन खचलं म्हणतात. स्पष्ट लिहिलं, राग नसावा.

पाटलाचं_पोर

आला, "आमच्या वेळी" आला! बिंगो.

मीठभाकर

राग कसला काका. उलट तुमचा मुद्दा त्या अभ्यासात सरळ विचारलेला आहे. कमीत कमी किती पगार चालेल, हे लोकांना आठवड्यामागून आठवडे विचारलं. पुस्तकी सिद्धांत सांगतो की पैसे संपत आले की हा आकडा खाली यायला हवा. आला, पण इतका हळू की बहुतेकांच्या बाबतीत जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. जरा खाली आणला तो पन्नाशीपुढच्यांनी आणि ज्यांच्याकडे सुरुवातीला बरी शिल्लक होती त्यांनी. म्हणजे "भाव खातात" या तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ती फक्त पोरांना लागू नाही.

पण पूर्णवेळ नोकरी शोधणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच काळात अर्धवेळ काम त्या आकड्याहून कमी पैशांतही घ्यायला तयार होते. तुमची पतपेढी आणि दुकानाचा हिशेब, तेच की.

निवृत्त_भाऊसाहेब

हं. अर्धवेळचं पटलं.

सदाशिवपेठी

बराच वेळ वाचतोय, लिहू की नको करत होतो. मी राज्यसेवा देतो. किती वर्षं ते विचारू नका.

तुमच्या न्यू जर्सीवाल्याला निदान हे माहीत आहे की तो बेकार आहे. आम्ही "अभ्यास करतोय". सकाळी अभ्यासिका, दुपारी खाणावळ, संध्याकाळी चहाच्या टपरीवर "यंदा जागा वाढणार म्हणे". आमचा वेळ कमी होत नाही, उलट वाढतो. बारा तास खुर्चीत. फक्त त्यातले किती तास डोक्यात काही जातं, हे कालचा दिवस तोडून विचारलं तर आम्ही खोटं बोलू. पूर्व निघाली की सहा महिने उत्साह, मुख्यला अडकलं की गावाला जायचं नाही, दिवाळीलासुद्धा नाही. एडिसनकर दादांनी गणपतीचं लिहिलंय ते वाचून कसंतरी झालं. आमच्याकडे तो प्रश्न "यंदा निघतंय ना?" असा असतो.

त्यामुळे क्रूगरचा निष्कर्ष इथे लागू पडत नाही असं माझं मत. इथे शोध थांबवता येत नाही, हाच आजार आहे.

अर्धा_अर्थतज्ज्ञ

@सदाशिवपेठी, तुमच्या म्हणण्याला पुरावा आहे. तमिळनाडूत २००१ ते २००६ सरकारी भरती जवळजवळ बंद होती. कुणाल मंगल यांनी त्या काळात पदवी घेतलेल्या मुलांचं पुढे काय झालं ते पाहिलं. साधा तर्क असा की जागाच नाहीत तर मुलं दुसरीकडे वळतील. वळली नाहीत. ती अभ्यासाला जास्त वेळ देत राहिली, भरती पुन्हा सुरू होण्याची वाट बघत. त्या तुकड्यांची कमाई पुढे बऱ्याच वर्षांनीसुद्धा मागे राहिलेली दिसते.

क्रूगरच्या निष्कर्षाच्या हे विरुद्ध आहे असं मला वाटत नाही. न्यू जर्सीत रोज नवा नकार, म्हणून हात ढिला पडतो. परीक्षेत नकार वर्षातून एकदा आणि मधल्या काळात आशा फुकट. मन दोन्हीकडे एकच, निकाल किती वेळाने कळतो त्यात फरक.

आशेवरून आठवलं. योहानेस स्पिनेवाइन यांनी अमेरिकेतल्या बेकारांची अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांची तुलना केली होती. लोकांना वाटत होतं सुमारे ७ आठवड्यांत नोकरी लागेल. लागली सरासरी २३ आठवड्यांत.

कोपऱ्यातला_वाचक

रुमाल उचलतो. मला लिहायचं होतं ते सदाशिवपेठींनी माझ्याहून बरं लिहिलं. मी फक्त एवढं सांगतो की मी तीन पेठांमधल्या सगळ्या अभ्यासिकांचे पंखे आवाजावरून ओळखायचो. आता एका खाजगी कंपनीत आहे, बरं चाललंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

निमा_म्युनिक

जर्मनीतून थोडी भर. इथे स्टेफानो देलाविन्या आणि सहकाऱ्यांनी बेकारभत्ता घेणाऱ्यांना चक्क एसएमएस पाठवून विचारलं, काल किती वेळ शोधलं? (अभ्यास २०२२ मध्ये छापला.) पहिले काही महिने शोध जवळपास सपाट, भत्ता संपायला आला की वर, आणि संपल्यावर पुन्हा खाली. न्यू जर्सीसारखी सरळ घसरण नाही. तेव्हा एका राज्याच्या, एका मंदीच्या आकड्यांवरून सगळ्या बेकारांचं मन वाचू नये.

दुसरी भर मानसशास्त्राची. काही माणसांना वाटतं आपलं आयुष्य आपल्या हातात, काहींना वाटतं सगळं नशीब, वशिला, काळवेळ. मार्को कालिएन्डो, डेबोरा कॉब-क्लार्क आणि आर्ने उलेनडॉर्फ यांनी जर्मन बेकारांमध्ये हा फरक मोजला. "आपल्या हातात" वाले जास्त अर्ज करतात, पण पगारही जास्त मागतात. म्हणजे आत्मविश्वास देणं हे दुधारी आहे. पोराला "तू काहीही करू शकतोस" सांगितलंत की तो जास्त शोधेल आणि पहिली बरी नोकरी नाकारेलसुद्धा.

माझा स्वतःचा अनुभव : नोकरी सुटल्यावर इथल्या रोजगार कार्यालयात एक बाई नेमून दिल्या होत्या. दर भेटीला विचारायच्या, गेल्या वेळी ठरलेल्यांपैकी काय झालं. आईने तेच विचारलं की मी चिडायचे, त्यांनी विचारलं की चिडायचे नाही.

तिरफळ

निमाताई, त्यांना भत्ता द्यायचा होता, आईला पोहे. फरक पडणारच.

निमा_म्युनिक

हहपुवा (हसून हसून पुरे वाट)!

पाटलाचं_पोर

शिक्षणाचं कुणी बोलत नाहीये. आमच्याकडे बापानं दोन एकर विकून इंजिनिअर केलं. भावकीतला दहावी नापास ट्रॅक्टर घेऊन चार पैसे कमावतो, मी मुलाखती देत फिरतोय. सरकारी पाहणीतसुद्धा शिकलेल्यांत बेकारी जास्त आणि न शिकलेल्यांत कमी, हे दर वर्षी दिसतं. मग हे क्रूगरसाहेब शिक्षणाबद्दल काय म्हणत होते?

मीठभाकर

बरंच म्हणत होते, त्यांचं निम्मं आयुष्य त्यात गेलंय. शिकलेला जास्त कमावतो तो शिक्षणामुळे, की मुळात हुशार आणि सुस्थितीतला होता म्हणून? हा गुंता सोडवायला ते आणि ऑर्ली अॅशनफेल्टर ओहायोतल्या ट्विन्सबर्ग नावाच्या गावी गेले. तिथे दर ऑगस्टमध्ये जुळ्यांची जत्रा भरते. रक्त एक, घर एक, शिक्षण वेगळं, मग पगार किती वेगळा? आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला भावाचं किंवा बहिणीचं शिक्षणही विचारलं, कारण स्वतःबद्दल माणूस चुकीचं सांगू शकतो. १९९४ मध्ये छापलेला त्यांचा आकडा होता, शिक्षणाच्या एका वर्षामागे १२ ते १६ टक्के जास्त कमाई. पुढे अॅशनफेल्टर यांनीच सेसिलिया राउझ यांच्याबरोबर जास्त जुळी घेऊन पाहिलं तेव्हा तो ९ टक्क्यांच्या आसपास आला.

अर्थात ओहायो म्हणजे तुमचं गाव नव्हे. शिकलेल्याला घरचे काही काळ पोसू शकतात म्हणून तो थांबतो. न शिकलेल्याला थांबणं परवडत नाही, म्हणून तो पाहणीत "बेकार" दिसत नाही. शिक्षण वाया गेलं असा त्याचा अर्थ मी तरी लावणार नाही.

पाटलाचं_पोर

थांबणं परवडतं हे आमच्या बापाला सांगून बघा.

मीठभाकर

ते खरं. दोन एकर विकल्यावर परवडत नाही.

तिरफळ

जुळ्यांच्या जत्रेत दोघांना एकमेकांचा पगार विचारला असता तर तिथेच भाऊबंदकी.

गणितमास्तर

@पाटलाचं_पोर, क्रूगर आणि स्टेसी डेल यांचा २००२ चा अभ्यास तुम्हाला आवडेल. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळालेला, पण साध्या कॉलेजात गेलेला मुलगा पुढे साधारण तेवढंच कमावतो. इतकंच काय, नामांकित कॉलेजला नुसता अर्ज केलेला असणं हेही पुढच्या कमाईशी जुळतं. म्हणजे शिक्क्यापेक्षा मुलाची धडाडी बोलते. अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा : गरीब घरातल्या मुलांना मोठ्या कॉलेजचा फायदा झाला. ज्यांच्या घरी ओळखीपाळखी नाहीत त्यांना कॉलेज त्या पुरवतं, असा याचा अर्थ बरेच जण लावतात.

तिरफळ

फिरून आमदारच!

अर्धा_अर्थतज्ज्ञ

तिरफळभाऊ, तुमच्या आमदारावरही संशोधन आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की नोकरीची खबर जवळच्या मित्राकडून कमी आणि लांबच्या ओळखीकडून जास्त येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला. लिंक्डइनने पाच वर्षांत दोन कोटी लोकांवर हे तपासलं, २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. अगदी घट्ट नाही आणि अगदी अनोळखीही नाही, अशी मधली ओळख सगळ्यात कामी येते.

म्हणून एडिसनकरांचा गणपती मला फार महत्त्वाचा वाटतो. ती दोनशे माणसं म्हणजे नेमक्या त्याच मधल्या ओळखी. आणि माणूस टाळतो कुणाला, तर त्यांनाच.

एडिसनकर

हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं. माझी नोकरी शेवटी लागली ती मुलीच्या पोहण्याच्या वर्गात भेटणाऱ्या एका गृहस्थांमुळे. मराठी नव्हेत, मित्रही नव्हेत. त्यांना माझी स्थिती माहीत नव्हती म्हणून मी मोकळेपणी बोललो असणार.

सायली_समुपदेशन

व्यवसायाने समुपदेशक आहे, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे येते. धागा जुळ्यांपर्यंत गेला तरी मीठभाकरताईंनी विचारलंय ते राहूनच गेलंय.

बेकारीने आधी वेळेचं भान जातं, हे फार जुनं निरीक्षण आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावात गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांनी १९३१-३२ मध्ये तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. सगळ्यांकडे वेळच वेळ, वाचनालयाची वर्गणीही काढून टाकलेली. तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्यात पुन्हा पुन्हा थांबत, बायकांना मात्र घरकामामुळे थांबायला वेळ नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे पालक म्हणतात, "दिवसभर मोकळाच असतो, मग अर्ज का करत नाही?" मोकळा असतो म्हणूनच करत नाही, हे समजवायला मला अख्खं सत्र लागतं.

उपाय काय, तर दोन गोष्टींचा पुरावा बरा आहे. एक मिशिगन विद्यापीठाचा, १९८० च्या दशकातला. बेकारांचे छोटे गट, अर्ध्या अर्ध्या दिवसाची काही सत्रं. मुलाखतीचा सराव वगैरे होतंच, पण मुद्दाम एक भाग ठेवला होता : नकार येणार आहे, आला की त्या दिवशी तुम्ही काय कराल, ते आधीच ठरवायचं. या गटांत गेलेल्यांना नोकऱ्या बऱ्या लागल्या आणि नैराश्याची लक्षणंही कमी राहिली. पुढे फिनलंडनेही तो कार्यक्रम उचलला.

दुसरा दक्षिण आफ्रिकेतला, २०१९ मध्ये छापलेला. बेकार तरुणांना शोधाची तपशीलवार योजना कागदावर लिहायला लावली : कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे. शोधण्याचा वेळ वाढला नाही. अर्ज मात्र १५ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी लागण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी. तेव्हा "जास्त वेळ दे" हा सल्ला तितकासा बरोबर नाही. "मंगळवारी काय करणार आहेस?" हा प्रश्न बरा.

निवृत्त_भाऊसाहेब

हे मला नीट समजलं. "काय झालं" हे विचारण्यात हिशेब मागितल्यासारखं होतं, "मंगळवारी काय" यात होत नाही. मात्र रोज मंगळवार विचारू नये.

सदाशिवपेठी

काका, तुम्ही आमच्या घरी राहायला या.

रत्नांग्रीची_आई (नवीन सदस्य)

नमस्कार, पहिल्यांदाच लिहिते आहे. माझा मुलगा टेक्सासमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होता, कंपनीने माणसं कमी केली त्यात तोही गेला. आम्ही इथून रोज फोन करतो. तो हल्ली उचलत नाही, मेसेज करतो, "नंतर बोलतो". वर सगळं वाचलं. सात आठवडे, तेवीस आठवडे हे आकडे त्याला कुठे लागू आहेत, त्याला साठ दिवसच आहेत ना?

एडिसनकर

काकू, नमस्कार. हो, साधारणपणे साठ दिवस, त्यात नवी कंपनी किंवा दुसरा व्हिसा, नाहीतर परत. आणि सहसा त्यांना इथला बेकारभत्ताही मिळत नाही, कारण काम करायची कायदेशीर मुभाच त्या कंपनीशी बांधलेली असते. त्यामुळे तो फोन उचलत नाही यात रुसवा नसावा. आधी वकिलाला विचारायला सांगा : व्हिसाचा प्रकार बदलण्याचा अर्ज त्या मुदतीत करता येतो का, ते त्याच्या कागदांवर ठरेल. माझ्या ओळखीचे दोघे-तिघे डॅलसकडे आहेत. मुलाची हरकत नसेल तर तो कोणत्या क्षेत्रात आहे तेवढं व्यनित कळवा, नाव नको. आणि एक दिवसाआड फोन करा, पण त्याला आधी सांगून की अमुक वेळी करू.

रत्नांग्रीची_आई

व्यनि कसा करतात?

कोपऱ्यातला_वाचक

काकू, एडिसनकर या नावावर टिचकी मारा, "संदेश पाठवा" दिसेल. अडलं तर इथेच लिहा.

गणितमास्तर

एक शंका शिल्लक आहे. वर उल्लेखलेल्या अभ्यासांत वेळ मोजला, पगार मोजला, मन मोजलं, ओळखी मोजल्या. घरच्यांनी "काय झालं?" विचारल्याचा परिणाम कुणी मोजला? इथे सगळे ठामपणे लिहीत आहेत की विचारू नये. मला तितकी खात्री नाही. न विचारणाऱ्या घरातला मुलगा जास्त शोधतो की आणखी निवांत होतो, हे चिठ्ठ्या टाकून दोन गट केल्याशिवाय कळायचं नाही. अर्ध्या आयांनी विचारायचं, अर्ध्यांनी नाही.

मीठभाकर

मास्तर, निम्म्या आयांना गप्प बसवणार कोण?

तिरफळ

माझ्या घरी नमुना तयार आहे. आई, दोन मावश्या आणि एक बेकार. तो बेकार मीच. गट कोणता ते चिठ्ठी टाकून कळवा, तोवर पोहे खातो.